उजव्यांची मधली वाट

रविवार, 23 ऑगस्ट 1992. सांतियागोत मेगाव्हिजन या खासगी वाहिनीवर रात्रीची राजकीय चर्चा रंगात आली होती. वाहिनीचे मालक रिकार्दो क्लारो स्वतः स्टुडिओत हजर होते. त्यांनी किओतो बनावटीचा एक छोटा रेडिओ-कॅसेट प्लेअर टेबलावर ठेवला, बटण दाबलं, आणि एका तरुण सिनेटरचं खासगी फोनवरचं बोलणं साऱ्या चिलीनं ऐकलं. सिनेटर होते सेबास्तियान पिन्येरा. ते मित्राला सांगत होते, की टीव्हीवरच्या चर्चेत पत्रकाराकडून एव्हलिन मातेईला असे प्रश्न टाकायला लाव, की ती गोंधळलेली आणि पोरकट दिसली पाहिजे. दोघंही रेनोव्हासिओन नासिओनाल या एकाच उजव्या पक्षाचे, आणि राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दोघांनाही हवी होती.

सहानुभूती अर्थातच मातेईंकडे गेली. नोव्हेंबरमध्ये मात्र सगळा उलगडा झाला. तो फोन लष्कराच्या दूरसंचार विभागातल्या एका कॅप्टननं टॅप केला होता, कॅसेट मातेईंच्या हाती आली होती आणि क्लारोंपर्यंत ती त्यांनीच पोहोचवली होती. मातेईंनी हे कबूल केलं. दोघांच्याही उमेदवारीवर पाणी पडलं.

एव्हलिन मातेई यांच्या कारकिर्दीवरून साताऱ्यातल्या एका घरात आत्या आणि भाचा यांचं पटत नाही. आत्या राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. लष्करी राजवट गेल्यावर देश पुन्हा कसा उभा राहतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन हुकलेला. मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर संप झाला, त्यात तोही होता. चिलीचं नाव त्याच्या कानावर पहिल्यांदा पडलं ते त्या संपातल्या चर्चांत. पगारातून कापलेले पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात, गुंतवणूक खासगी कंपन्यांकडे, आणि म्हातारपणी बाजार देईल ते आपलं, हा प्रयोग देशभर राबवणारा पहिला देश चिली होता.

कॅसेटच्या प्रकरणावरच दोघांची पहिली ठिणगी पडते.

“1992 साली चिलीत लोकशाही येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती,” भाचा म्हणतो. “माजी हुकूमशहा पिनोचेत अजून लष्करप्रमुख होता, 1998 पर्यंत राहिला. असं असताना लष्करानं चोरून टॅप केलेलं बोलणं एक लोकप्रतिनिधी बाई घेते आणि टीव्हीवर वाजवायला देते. आत्या, ज्या यंत्रणेनं लोकांच्या घरात कान लावले तिचाच हा माल होता.”

“माल तोच होता, मान्य,” आत्या म्हणतात. “पण त्या फोनवर तिच्याविरुद्धच कारस्थान शिजत होतं, हे सोडून देऊ नकोस. आणि पुढं काय झालं तेही बघ. तिनं कबुली दिली, उमेदवारी सोडली आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. तेव्हा ती खासदार होतीच. नंतर 1998 ते 2011 कोकिंबो भागाची सिनेटर. आणि ज्यानं तिला पोरकट ठरवायचा घाट घातला होता, त्याच पिन्येरानं राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तिला कामगारमंत्री केलं. एकोणीस वर्षांनी दोघं एका टेबलावर बसले. आपल्याकडं चुलतभावांत एवढ्यावरून तीन पिढ्या बोलणं बंद असतं.”

भाचा इथं थांबत नाही. त्याचा खरा आक्षेप कॅसेटच्या फार आधीचा आहे, आणि तो समजून घ्यायला उत्तर चिलीतल्या वाळवंटाकाठच्या सेरो मोरेनो हवाई तळावर जावं लागतं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिथं हवाई दलाचे दोन अधिकारी शेजारी राहत होते, फेर्नांदो मातेई आणि आल्बेर्तो बाचेलेत. दोघांची मैत्री होती. एकाची मुलगी मिशेल, 1951 ची. दुसऱ्याची एव्हलिन, 1953 ची.

11 सप्टेंबर 1973 ला लष्करानं साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथून टाकलं. आल्बेर्तो बाचेलेत तेव्हा जनरल होते आणि आयेंदेंच्या सरकारात अन्नधान्य वाटपाचं काम बघत होते. त्यांना स्वतःच्याच दलातल्या माणसांनी अटक केली. हवाई युद्ध अकादमीत त्यांचा छळ झाला. 12 मार्च 1974 ला सांतियागोच्या तुरुंगात त्यांचं हृदय बंद पडलं. फेर्नांदो मातेई उठावाच्या वेळी लंडनमध्ये हवाई दलाचे प्रतिनिधी होते. ते परत आले आणि त्यांना त्याच अकादमीचं संचालकपद मिळालं. 1978 मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले आणि सत्ताधारी लष्करी मंडळात बसले. 1975 मध्ये मिशेल आणि तिच्या आईला व्हिया ग्रिमाल्दी या छळछावणीत डांबलं गेलं, नंतर दोघी देशोधडीला लागल्या. त्याच वर्षांत एव्हलिन सांतियागोच्या कॅथलिक विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होती. त्याआधी लंडनमध्ये तिनं पियानोचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि तेच पुढं न्यायचा विचार केला होता.

“बापाचं माप लेकीच्या पदरात घालायचं नाही,” आत्या ठामपणे म्हणतात. “न्यायाधीश मारिओ कारोसांनी तपास केला. फेर्नांदो मातेईवर खटला चालवण्याइतका पुरावा नाही, असं त्यांनी ठरवलं. बाचेलेतच्या मृत्यूबद्दल 2014 मध्ये हवाई दलाच्या दोन निवृत्त कर्नलांना शिक्षा झाली. आणि मिशेलच्या आईनं, आंखेला हेरियानं, जिनं नवरा गमावला आणि स्वतः छळ सोसला, तिनंसुद्धा फेर्नांदोला दोषी धरलं नाही. उलट 5 ऑक्टोबर 1988 ची रात्र आठव. पिनोचेतला आणखी आठ वर्षं द्यायची का, यावर सार्वमत झालं होतं. सरकार निकाल दाबून बसलं होतं. ला मोनेदा राजवाड्यात शिरता शिरता याच फेर्नांदो मातेईनं पत्रकारांसमोर सांगून टाकलं, की ‘नाही’ जिंकलंय. आत पिनोचेतनं जादा अधिकारांचा कागद पुढं केला, तो आपण फाडला, असं त्यानं स्वतः सांगितलंय. त्या रात्री तो गप्प राहिला असता तर?”

“बापाचं सोड. लेकीचं बोलू,” भाचा म्हणतो. “त्या सार्वमतात 56 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. तिनं ‘होय’ला मत दिलं, आणि ते ती लपवत नाही. 2013 ला उठावाला चाळीस वर्षं झाली तेव्हा तिला माफीबद्दल विचारलं, तर म्हणाली, तेव्हा मी वीस वर्षांची होते, मी कशाला माफी मागू? ठीक. वीस वर्षांच्या मुलीनं माफी मागायची नाही. पण 1988 ला ती पस्तिशीत होती ना? हजारो माणसं मारली किंवा गायब केली होती, हजारोंचा छळ झाला होता, हे तोवर जगाला ठाऊक होतं. आणि एप्रिल 2025 मध्ये रेडिओवर तिनं सांगितलं, की उठाव गरजेचा होता आणि 1973–74 मधले मृत्यू बरेचसे अटळ होते.”

“त्याच मुलाखतीत, नंतरच्या वर्षांतल्या हत्यांना समर्थन नाही, असंही ती म्हणाली.”

“आल्बेर्तो बाचेलेत 1974 मध्ये मेला, आत्या.”

आत्यांकडं याला उत्तर नाही, आणि त्या ते ओढूनताणून आणत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते या एका मुद्द्यावर भाच्याची बाजू पक्की आहे. 2013 मध्ये खुद्द उजव्यांचे राष्ट्राध्यक्ष पिन्येरा यांनी हुकूमशाहीच्या काळात माहीत असून गप्प बसलेल्यांना मूक साथीदार म्हटलं, आणि शिक्षा झालेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी चालवलेला ऐषआरामी कोर्दियेरा तुरुंग बंद केला. म्हणजे उजव्या राजकारणात राहून हे बोलणं शक्य होतं, आणि एकानं बोलून दाखवलं होतं. त्यासाठी स्वपक्षीयांचा रोषही पत्करला होता. मातेईंना ती वाट दिसत होती, पण त्यांनी ती धरली नाही.

पण एवढ्यावर कारकिर्दीचा निकाल लावला तर मोठा भाग हातातून निसटेल.

जानेवारी 2011 मध्ये मातेई कामगारमंत्री झाल्या. सान होसेच्या खाणीतून 33 कामगारांना जिवंत वर काढून तीनच महिने झाले होते आणि कामगारांची सुरक्षितता देशभर चर्चेत होती. आत्यांना मात्र खाणीपेक्षा बाळंतपणाच्या रजेचा कायदा महत्त्वाचा वाटतो. चिलीत प्रसूतीनंतर 12 आठवडे रजा मिळायची. ऑक्टोबर 2011 मध्ये ती 24 आठवडे झाली, आणि वाढीव रजेतले काही आठवडे आईला वडिलांच्या नावावर करता येऊ लागले. मसुद्यावर संसदेत महिनोन्‌महिने घासाघीस झाली. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर होत्या, अर्थखातं खर्चाचे आकडे पुढं करत होतं. मातेई या समित्यांत आवाज चढवून, प्रसंगी शिवराळ बोलून भांडल्या. त्यांच्या तोंडाळपणाची चिलीत ख्यातीच आहे. पण कायदा झाला.

“त्याच्याही आधीचं सांगते,” आत्या पुढं सरसावतात. “चिलीत 1989 पर्यंत आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपात करता येत होता. हुकूमशाहीनं जाता जाता, सप्टेंबर 1989 मध्ये, तोही दरवाजा बंद केला. कायदे करणारं लष्करी मंडळ तेच, ज्यात तिचा बाप बसत होता. 2010 च्या अखेरीस सिनेटर असताना या बाईनं समाजवादी फुल्व्हिओ रोस्सीला बरोबर घेऊन विधेयक आणलं: आईचा जीव धोक्यात असेल किंवा गर्भ जगणारच नसेल, तर गर्भपाताला परवानगी द्या. तोवर तिचा पक्ष यूडीआय झाला होता, कॅथलिक उजव्यांतला सगळ्यात कर्मठ. स्वतःच्या पक्षाविरुद्ध आणि बापाच्या मंडळानं केलेल्या कायद्याविरुद्ध उभं राहणं सोपं वाटतं तुला?”

“सोपं नाही. पण 2013 ला उमेदवार झाल्यावर तिनं तो विषय बासनात ठेवला, हेही सांग. शेवटी तीन कारणांसाठी परवानगी देणारा कायदा 2017 मध्ये झाला, तो मिशेल बाचेलेतच्या कारकिर्दीत.”

2013 ची ती उमेदवारी मातेईंनी मागून घेतलेली नव्हती. यूडीआयनं आधी खाण बचावकार्याचे नायक, माजी खाणमंत्री लॉरेन्स गोल्बोर्न यांना पुढं केलं. पैशांच्या वादात ते एप्रिलमध्ये बाजूला झाले. त्यांच्या जागी आलेल्या पाब्लो लोंगेइरांनी 30 जूनची उजव्या आघाडीतली प्राथमिक निवडणूक जिंकली, आणि जुलैमध्ये नैराश्याच्या आजारामुळं माघार घेतली. मतदानाला चार महिने उरले असताना मातेई मंत्रिपद सोडून उभ्या राहिल्या. समोर मिशेल बाचेलेत. सेरो मोरेनोच्या तळावरच्या त्या दोन मुली राष्ट्राध्यक्षपदासाठी आमनेसामने आल्या. पहिल्या फेरीत बाचेलेतना जवळपास 47 टक्के, मातेईंना 25. डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत 62 विरुद्ध 38. हरणारी लढाई आहे हे ठाऊक असून त्या उतरल्या, आणि हे श्रेय भाचाही नाकारत नाही.

यानंतर बहुतेक पुढारी घरी बसतात. मातेई नगरपालिकेत गेल्या. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये त्या सांतियागोलगतच्या प्रोविदेन्सियाच्या महापौर म्हणून निवडून आल्या, 2021 मध्ये पुन्हा आल्या आणि 2024 च्या अखेरपर्यंत राहिल्या. प्रोविदेन्सियातल्या एका हमरस्त्याची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. लष्करी राजवटीनं त्याचं नाव ‘11 सप्टेंबर’ ठेवलं होतं, उठावाच्या गौरवासाठी. लोकशाही आली तरी नाव तसंच राहिलं. 1996 ते 2012 इथं महापौर होते पिनोचेतचे माजी अंगरक्षक क्रिस्तियान लाब्बे. त्यांना हरवून आलेल्या होसेफा एरासुरिस यांनी 2013 मध्ये त्या रस्त्याला नुएव्हा प्रोविदेन्सिया हे नाव परत दिलं. एरासुरिस यांना हरवून मातेई आल्या. आठ वर्षांत त्यांनी जुनं नाव परत आणलं नाही. बसथांब्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर आज नुएव्हा प्रोविदेन्सियाच आहे.

“पाटी बदलली नाही म्हणजे मोठं काय केलं?” भाचा विचारतो.

“मतांसाठी पाट्या बदलणारे कमी बघितलेत का आपण?” आत्या म्हणतात. “तिच्या मतदारांतल्या कितीतरी जणांना जुनं नाव आवडलं असतं. तिनं रस्ते झाडले, दिवे लावले, सुरक्षारक्षक वाढवले, आणि ती जखम उघडली नाही. राज्य करणं म्हणजे पुष्कळदा असलं न दिसणारं काम असतं.”

मग बोलणं पेन्शनवर येतं. इथं भाचा घरच्या मैदानावर असतो.

चिलीची खासगी पेन्शन व्यवस्था 1981 मध्ये सुरू झाली. ती आखली कामगारमंत्री होसे पिन्येरा यांनी, सेबास्तियानचे थोरले भाऊ. पगाराच्या 10 टक्के रक्कम खासगी निधी कंपनीत जायची. मालकाला त्यात वाटा उचलावा लागत नव्हता. सैनिक मात्र या व्यवस्थेतून वगळले गेले, त्यांची जुनी पेन्शन तशीच ठेवली. भाच्याला हे वाचून धक्का बसला होता, कारण भारतातही 2004 मध्ये नवी पेन्शन योजना आली तेव्हा सैन्यदलं तिच्यातून बाहेरच ठेवली होती. मातेईंनी तरुणपणी या निधी कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयात काम केलं होतं. म्हणजे ही व्यवस्था त्यांनी आतून पाहिलेली होती.

“वर्षानुवर्षं पैसे भरून लोकांच्या हाती तुटपुंजी पेन्शन आली, म्हणून 2016 मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले,” तो सांगतो. “माझ्या शाळेतल्या शिपायाला हे समजावून सांगायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.”

“आणि जानेवारी 2025 मध्ये काय झालं?” आत्या विचारतात. “राष्ट्राध्यक्ष बोरिचच्या डाव्या सरकारनं पेन्शन सुधारणा आणली. मालकानं भरायचा वाटा टप्प्याटप्प्यानं 8.5 टक्क्यांवर न्यायचा, सध्याच्या वृद्धांची पेन्शन वाढवायची. संसदेत डाव्यांकडं पुरेशी मतं नव्हती. तिच्या आघाडीनं मतं दिली म्हणून ती पास झाली, आणि तिनं त्या तडजोडीच्या बाजूनं उघड भूमिका घेतली. निवडणूक वर्षात! कडव्या उजव्या कास्तच्या पक्षानं विरोध केला आणि तिला डाव्यांची मदतनीस ठरवलं. तुझ्यासारख्या माणसाला जे हवं होतं, त्यातलं थोडं तरी तिच्यामुळं मिळालं.”

भाचा हे मान्य करतो. मनापासून.

होसे आंतोनियो कास्त पूर्वी मातेईंच्याच यूडीआयमध्ये होते. 2016 मध्ये बाहेर पडले, 2019 मध्ये रिपब्लिकन पक्ष काढला. 2024 भर जनमत चाचण्यांत मातेई पुढं होत्या. गुन्हेगारी आणि व्हेनेझुएलातून येणारे स्थलांतरित हे विषय तापत गेले तसे 2025 च्या मध्यापर्यंत कास्त पुढं निघून गेले. त्याच सुमारास मातेईंना स्मृतिभ्रंश झाल्याचं भासवणारे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरले. ही किळसवाणी मोहीम आहे, असं म्हणत त्यांनी कास्तसमर्थकांकडं बोट दाखवलं. मतांसाठी त्या वर्षी त्यांनीही आवाज कडक केला. एप्रिलमधलं उठावाबद्दलचं ते विधान याच वर्षातलं. यामुळं डावीकडं झुकलेल्या मध्यममार्गी मतदाराला त्या परक्या वाटू लागल्या, आणि कडक भाषा हवी असणाऱ्यांकडं कास्त आणि दुसरे कडवे उजवे उमेदवार योहानेस कैसर होतेच. बापाच्या पिढीबद्दल 2013 मध्येच स्पष्ट बोलून टाकलं असतं, तर 2025 मध्ये त्या प्रश्नावर असं दोन्हीकडून कोंडीत सापडायची वेळ आली नसती, असं या लेखकाला वाटतं.

16 नोव्हेंबर 2025 ची पहिली फेरी. मतदान सक्तीचं, त्यामुळं सुमारे 85 टक्के लोक केंद्रांवर आले. कम्युनिस्ट पक्षाच्या जानेत हारा यांना जवळपास 27 टक्के, कास्तना 24, फ्रांको पारिसींना 20 च्या आत, कैसरना 14. मातेई पाचव्या, साडेबारा टक्क्यांच्या आसपास. त्याच रात्री त्यांनी कास्तना पाठिंबा जाहीर केला.

“ज्याच्या लोकांनी तिला वेडं ठरवायचा प्रयत्न केला असं ती म्हणत होती, त्याच्याच दारात काही तासांत?” भाच्याचा आवाज चढतो.

“उजव्या पक्षाची उमेदवार कम्युनिस्ट पक्षाला पाठिंबा देईल, ही अपेक्षा तूही करणार नाहीस.”

“गप्प राहता आलं असतं.”

“पुढारी माणसाला आपल्या मतदारांना काहीतरी सांगावं लागतं. पण त्याच रात्री सांगायला हवं होतं, असं मलाही वाटत नाही. निदान आठवडाभर थांबून अटी घालायच्या. पेन्शनच्या कायद्याला हात लावणार नाही, एवढं तरी वदवून घ्यायचं.”

भाचा म्हणतो, की हारांकडं बघ. 2022 ते 2025 त्या कामगारमंत्री होत्या. आठवड्याचे कामाचे 45 तास टप्प्याटप्प्यानं 40 वर आणणारा कायदा त्यांचा, आणि मातेईंनी जिला हात दिला ती पेन्शन सुधारणाही त्यांच्याच खात्याची. मतपत्रिकेवर दोन माजी कामगारमंत्री होत्या, एक डावी, एक उजवी, आणि एका कायद्यावर दोघी एका बाजूला उभ्या राहिलेल्या. 14 डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत जो कास्त 58 टक्के मतांनी निवडून आला, त्यानं त्याच कायद्याला विरोध केला होता.

“तू तिथं असतीस तर कोणाला मत दिलं असतंस?” तो विचारतो.

“पहिल्या फेरीत मातेईला,” आत्या लगेच म्हणतात. “दुसऱ्या फेरीत कोरी मतपत्रिका टाकली असती.”

“मी दोन्ही वेळा हाराला,” भाचा म्हणतो. “आणि 1988 ला ‘नाही’ला.”

“1988 ला मीही,” आत्या म्हणतात.